पहिला घोट

मागील काही अंकांतून आपण रक्तदाब, मधुमेह आणि हृदयाची अनियमित गती या तीन शत्रूंचा परिचय करून घेतला. हे तिघे एकत्र येऊन जो घाव घालतात, त्या पक्षाघाताविषयी आज लिहावयाचे आहे. लोकभाषेत त्याला लकवा, वारे जाणे किंवा अर्धांगवायू म्हणतात. डॉक्टर कोणती औषधे देतात याविषयी बरेच लिहिले जाते. ते सांगण्यापेक्षा आज मी त्या खाटेजवळ सर्वांत अधिक वेळ उभ्या असलेल्या व्यक्तीविषयी लिहिणार आहे. ती व्यक्ती म्हणजे पक्षाघाताच्या शुश्रूषेचे विशेष शिक्षण घेतलेली परिचारिका. तिचे काम नेमके काय असते, हे मला पुस्तकांपेक्षा माझ्या थोरल्या बंधूंच्या आजारपणाने अधिक शिकविले.

दादा एक्काहत्तर वर्षांचे. वर्सोव्यात यारी रोडवर त्यांचे घर, आणि दोन इमारती सोडून माझे. आमच्या भागात नळाला पाणी पहाटे येते. पाणी भरण्याचे काम गेली अनेक वर्षे दादांकडे. त्या दिवशी सव्वासहाला वहिनी चहा घेऊन सज्जात गेल्या, तेव्हा दादा खुर्चीत एका बाजूला कललेले होते. तोंड वाकडे झाले होते, उजवा हात मांडीवरून खाली लोंबत होता आणि हाकेला केवळ अस्पष्ट आवाज येत होता. दादांना मधुमेह आहे. साखर उतरली असावी असे वाटून वहिनींनी घाईघाईने साखरेचे पाणी चमच्याने पाजले. दोन चमचे गेले आणि दादांना जोराचा ठसका लागला. मग ठाण्याच्या मुलाला फोन, मग मला फोन. मी पोहोचलो तेव्हा सहा चाळीस झाले होते. सुदैवाने सकाळची वेळ असल्याने रस्ते मोकळे होते आणि सातच्या सुमारास आम्ही रुग्णालयात होतो.

एक प्रश्न, पुन्हा पुन्हा

आपत्कालीन विभागात डॉक्टर येण्याआधी एक सिस्टर आल्या. केरळातून आलेल्या, परंतु मराठी सफाईने बोलणाऱ्या. त्यांनी बोटाला टोचून साखर मोजली. ती २४२ भरली. म्हणजे उतरली नव्हती, चढलेली होती. एकीकडे रक्तदाब घेत असतानाच त्यांनी वहिनींना विचारले, “काकू, काकांना शेवटचं अगदी नीट कधी पाहिलं?”

वहिनी म्हणाल्या, “सव्वासहाला पाहिलं, तेव्हा असे होते.”

“ते त्रास दिसल्याची वेळ झाली. नीट बोलत-चालत होते ते कधी?”

“रात्री दहाला झोपले, तेव्हा छान बोलत होते.”

येथे बहुधा प्रश्न संपला असता. मेंदूतील रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळविणारे इंजेक्शन सामान्यतः त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्रास नेमका केव्हा सुरू झाला हे कोणीच पाहिले नसेल, तर रुग्ण शेवटचा धडधाकट दिसला ती वेळ धरली जाते. रात्रीचे दहा धरले असते, तर नऊ तास उलटून गेले होते. परंतु सिस्टर थांबल्या नाहीत. “रात्री उठले होते का? बाथरूमला? कुणाशी बोलले? दूधवाला, पेपरवाला?”

वहिनींच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. “पाणी! पाचला पाणी आलं तेव्हा त्यांनी मला हाक मारली. ‘पाणी आलंय गं, मी भरतो, तू पड,’ म्हणाले. सगळ्या बादल्या भरलेल्या आहेत.”

“बोलणं स्पष्ट होतं?”

“हो, अगदी रोजच्यासारखं.”

सिस्टरांनी कागदावर पाच वाजल्याची नोंद केली आणि तोच कागद घेऊन त्या सी. टी. स्कॅनच्या खोलीपर्यंत खाटेबरोबर गेल्या. स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. मेंदूविकारतज्ज्ञांनी निर्णय घेतला आणि सात पन्नासला इंजेक्शन सुरू झाले. पाचपासून मोजले तर दोन तास पन्नास मिनिटे झाली होती. निर्णय डॉक्टरांचाच होता. परंतु ज्या वेळेच्या आधारे तो घेता आला, ती वेळ शोधून काढली होती परिचारिकेने.

पक्षाघातात दर मिनिटाला मेंदूतील सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. म्हणून वेळेचा हा शोध म्हणजे केवळ कागदोपत्री सोपस्कार नव्हे. मोठ्या रक्तवाहिनीतील गुठळी जांघेतून किंवा मनगटातून नळी नेऊन ओढून काढण्याची प्रक्रियाही आता होते. ती साधारणपणे सहा तासांपर्यंत, आणि निवडक रुग्णांत विशेष स्कॅन पाहून २४ तासांपर्यंत करता येते. तेथेही पहिला प्रश्न हाच असतो: शेवटचे नीट कधी पाहिले?

इंजेक्शननंतरचे चोवीस तास

नातेवाइकांना वाटते की इंजेक्शन दिले, म्हणजे मुख्य काम झाले. वस्तुतः परिचारिकेचे सर्वांत कसोटीचे काम तेथून सुरू होते. गुठळी विरघळविणारे औषध रक्तस्रावाचा धोका घेऊन येते. म्हणून पहिले दोन तास दर १५ मिनिटांनी, पुढील सहा तास दर अर्ध्या तासाने आणि नंतर चोवीस तास पूर्ण होईपर्यंत दर तासाला रक्तदाब आणि मेंदूची स्थिती तपासावयाची असते. बुबुळे पाहणे, हात उचलावयास सांगणे, नाव विचारणे, महिना विचारणे. आम्हां नातेवाइकांना वाटे, या बाई दादांना डोळा लागू देत नाहीत. मुलगा एकदा वैतागून म्हणालाही, “सिस्टर, जरा झोपू द्या ना बाबांना.” त्या शांतपणे म्हणाल्या, “झोप आहे की शुद्ध कमी होतेय, हे उठवल्याशिवाय कसं कळणार?”

हे वाक्य शुश्रूषा करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे. नव्याने वाढलेली गुंगी, अचानक सुरू झालेली तीव्र डोकेदुखी, उलटी, एकदम चढलेला रक्तदाब ही रक्तस्रावाची चिन्हे असू शकतात. ती पहिल्या काही मिनिटांत ओळखणारी व्यक्ती ही बहुतेक वेळा परिचारिकाच असते, कारण खाटेजवळ तीच असते. रुग्णाच्या स्थितीचे मोजमाप करण्यासाठी एक आंतरराष्ट्रीय गुणपत्रिका वापरतात. तीत शून्यापासून ४२ पर्यंत गुण असतात. गुण जितके अधिक, तितका आघात मोठा. प्रशिक्षित परिचारिका ही गुणपत्रिका स्वतः भरते, आणि “पेशंट जरा सुस्त वाटतोय” असे मोघम न सांगता “आठाचे बारा झाले” असे डॉक्टरांना कळविते. या अचूकतेवर पुढचा निर्णय अवलंबून असतो.

पाणी का दिले नाही?

त्या दुपारी दादा थोडे सावध झाले आणि डाव्या हाताने पाण्याची खूण करू लागले. ओठ कोरडे पडले होते. वहिनींचा जीव कासावीस झाला. त्यांनी पिशवीतून थर्मास काढला. घरून आणलेला आल्याचा चहा होता त्यात. सिस्टरांनी हात आडवा धरला. “काकू, गिळण्याची परीक्षा झाल्याशिवाय एक थेंबही नाही.”

वहिनींना ते फार लागले. चाळीस वर्षे ज्या माणसाचा पहिला चहा आपल्या हातचा, त्याला तहानेने व्याकूळ पाहून घोटभर पाणी देऊ नये, हे कोणते शास्त्र? त्या बाहेर येऊन रडल्या. मलाही तो नियम त्या क्षणी कठोरच वाटला.

त्या नियमामागचे कारण असे. पक्षाघातात हातापायांबरोबर घशाचे स्नायूही दुर्बळ होऊ शकतात. अन्ननलिका आणि श्वासनलिका एकमेकींना अगदी लागून आहेत. गिळताना श्वासनलिकेचे झाकण वेळेवर बंद झाले नाही, तर पाणी, चहा, पेज थेट फुप्फुसांत उतरते आणि न्यूमोनिया होतो. काही रुग्णांना अशा वेळी ठसकाही लागत नाही, म्हणून तो धोका अधिकच फसवा. सकाळी साखरेचे पाणी पाजताना लागलेला ठसका हीच त्याची पहिली सूचना होती. आम्हाला ती वाचता आली नव्हती.

थोड्या वेळाने सिस्टरांनी दादांना खाटेवर ताठ बसविले. आधी त्यांना खोकून दाखविण्यास सांगितले, स्वतःची लाळ गिळता येते का ते पाहिले. मग चहाचा एक लहान चमचा पाणी दिले आणि घशावर बोट ठेवून गिळण्याची हालचाल पाहिली. दुसरा चमचा दिला. तिसऱ्या चमच्यानंतर “आ” म्हणावयास सांगितले. आवाज ओला, घुरघुरता आला. त्यांनी पेला बाजूला ठेवला. परीक्षा तेथेच संपली. रात्रभर सलाईन चालले आणि दुसऱ्या दिवशीच्या स्कॅननंतर नाकातून नळी घातली गेली.

पहिल्या सायंकाळी दादांचा ताप ९९.८ फॅरनहाइट झाला. घरी इतक्या तापाकडे आपण लक्षही देत नाही. सिस्टरांनी तत्काळ डॉक्टरांना कळविले. छातीचा एक्स-रे निघाला, उजव्या फुप्फुसात न्यूमोनियाची सुरुवात होती. सकाळच्या साखरेच्या पाण्याने आपला मार्ग चुकविला होता. वेळीच प्रतिजैविके सुरू झाल्याने तो आटोक्यात आला. वहिनींनी ते पाणी प्रेमानेच पाजले होते, हे मी त्यांना अनेकदा सांगितले. आजही त्यांना ते पटत नाही. या लेखात ही घरातली चूक मी त्यांच्या संमतीनेच सांगतो आहे. “दुसऱ्या कुणाच्या घरी तरी होऊ नये,” असे त्या म्हणाल्या.

ताप, साखर, गिळणे

या तीन साध्या गोष्टींवर परिचारिकांनी काटेकोर लक्ष ठेवल्यास काय घडते, याचा मोठा अभ्यास ऑस्ट्रेलियात झाला आहे. शुश्रूषाशास्त्राच्या प्राध्यापिका सँडी मिडलटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू साउथ वेल्स प्रांतातील १९ पक्षाघात विभागांत तो केला आणि २०११ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. काही विभागांतील परिचारिकांना पहिल्या तीन दिवसांसाठी ठरावीक पद्धत शिकविली गेली: ताप नियमित मोजावा आणि ३७.५ सेल्सिअस, म्हणजे ९९.५ फॅरनहाइट झाला की उपचार करावा. रक्तातील साखर नियमित मोजून वाढल्यास आवरावी. गिळण्याची परीक्षा झाल्याखेरीज तोंडाने काहीही देऊ नये. इतर विभागांना केवळ मार्गदर्शक सूचनांची माहितीपत्रके दिली गेली.

नव्वद दिवसांनी पाहिले तेव्हा नेहमीच्या पद्धतीच्या विभागांत मृत्यू पावलेले किंवा परावलंबी झालेले रुग्ण शेकडा ५८ होते. परिचारिकांनी तिहेरी पद्धत पाळलेल्या विभागांत ते प्रमाण शेकडा ४२ होते. येथे कोणतेही नवे महागडे औषध नव्हते, कोणतेही यंत्र नव्हते. तापमापक, साखर मोजण्याची पट्टी, पाण्याचा चमचा आणि जिला नेमके काय पाहावयाचे हे शिकविले आहे अशी परिचारिका, एवढेच साहित्य होते.

आपल्या मुंबईची स्थितीही पाहू. डॉ. पी. एम. दलाल यांच्या नेतृत्वाखाली २००५ आणि २००६ या दोन वर्षांत पश्चिम उपनगरातील महापालिकेच्या एच विभागात, म्हणजे वर्सोव्याच्या दक्षिणेकडील वांद्रे-खार परिसरात, पक्षाघाताची लोकसंख्येवर आधारित नोंद ठेवली गेली. त्या नोंदीत पहिल्यांदाच पक्षाघात झालेल्या ४५६ व्यक्ती आढळल्या. त्यांचे सरासरी वय ६६ वर्षांच्या आसपास होते आणि सुमारे ३० टक्के रुग्ण पहिल्या २८ दिवसांत दगावले. त्यानंतर उपचार पुष्कळ सुधारले आहेत. तथापि, पक्षाघातानंतरचे पहिले चार आठवडे किती नाजूक असतात, हे या आकड्यावरून ध्यानात येते. ते आठवडे बहुतांशी परिचारिकांच्या हाती असतात.

उठविण्याची घाई

दुसऱ्या दिवशी एक स्नेही भेटीस आले आणि म्हणाले, “यांना लगेच उभं करा, नाहीतर अंग कायमचं जाईल.” सिस्टरांनी नम्रपणे नकार दिला. लवकर हालचाल सुरू करणे हितावहच असते. पण किती लवकर आणि किती, याला मर्यादा आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात, पहिल्या २४ तासांतच रुग्णांना वारंवार आणि दीर्घ काळ उठविले असता परिणाम नेहमीच्या शुश्रूषेपेक्षा कमी चांगला आला. म्हणून कोणाला केव्हा बसवावयाचे, केव्हा उभे करावयाचे, हे डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि परिचारिका मिळून ठरवितात.

दरम्यान स्वस्थ पडलेल्या देहाचीही कामे असतातच. दर दोन तासांनी कूस बदलणे, टाचा आणि माकडहाड यांची त्वचा पाहणे, लुळ्या हाताखाली उशी देणे, पायांत रक्ताची गुठळी होऊ नये यासाठी काळजी घेणे, मूत्रनळी गरजेपेक्षा एक दिवसही अधिक न ठेवणे, तोंड दिवसातून अनेकदा स्वच्छ करणे. नाकात नळी असलेल्या रुग्णाचे तोंड वापरात नसले, तरी त्यात जंतू वाढतात आणि तेच लाळेबरोबर फुप्फुसांत उतरतात. दादांचे दात घासणाऱ्या सिस्टरांना पाहून प्रथम मला ते केवळ टापटिपीचे काम वाटले होते. तोही न्यूमोनियाला घातलेला बांधच होता.

सातव्या दिवशी वाचा-उपचारतज्ज्ञांनी पुन्हा परीक्षा घेतली. त्यांच्या अनुमतीने सिस्टरांनी वहिनींना खाटेजवळ बोलाविले आणि त्यांच्याच हाती चमचा दिला. दाटसर केलेला पहिला घोट दादांनी त्यांच्या हातून घेतला. ठसका लागला नाही. “आ” म्हटल्यावर आवाज स्वच्छ आला. खोलीत कोणी काही बोलले नाही.

घरी नेण्यापूर्वीची शिकवणी

बाराव्या दिवशी घरी सोडण्याचे ठरले. त्याआधीचे तीन दिवस सिस्टर रोज तासभर वहिनींना शिकवीत होत्या. त्यांनी आधी करून दाखविले, मग वहिनींकडून करवून घेतले, आणि तिसऱ्या दिवशी स्वतः केवळ पाहत उभ्या राहिल्या. ही शिकवणी मी येथे मुद्दाम तपशिलाने देतो, कारण ती अनेक घरांना उपयोगी पडेल.

१. भरविताना रुग्णाला खुर्चीत किंवा खाटेवर ताठ बसवावे, हनुवटी किंचित खाली असावी. घास व घोट लहान असावा. पहिला गिळल्यावरच दुसरा द्यावा. भरविताना दूरदर्शन बंद ठेवावा. जेवणानंतर निदान अर्धा तास आडवे करू नये. आवाज ओला झाला, ठसका लागला किंवा ताप आला, तर भरविणे थांबवून डॉक्टरांना कळवावे.

२. लुळ्या बाजूचा हात धरून रुग्णाला कधीही ओढू नये. त्या खांद्याचे स्नायू सैल असतात आणि सांधा निखळून दीर्घकाळ दुखतो. उठविताना कमरेभोवती आधार द्यावा.

३. पहिल्या काही आठवड्यांत कूस बदलण्याची वेळ लिहून ठेवावी. त्वचेवर दाबल्यानंतरही न जाणारा लाल डाग दिसला, तर शय्याव्रणाची ती पहिली पायरी समजावी.

४. काही रुग्णांना एका बाजूचे भानच राहत नाही. ताटाच्या त्या अर्ध्या भागातील भाजी तशीच राहते. हा हट्ट नव्हे. आघाताचा परिणाम आहे. घरी पाण्याचा तांब्या, घड्याळ, फोन कोठे ठेवावा, हे परिचारिकेला विचारूनच ठरवावे.

५. ज्यांची वाचा गेली आहे, त्यांची समज गेलेली असतेच असे नाही. त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी ते नसल्यासारखे बोलू नये. हो-नाही असे उत्तर देता येईल असे प्रश्न विचारावेत आणि उत्तराची वाट पाहावी.

६. पक्षाघातानंतर साधारण तीनपैकी एका रुग्णाला नैराश्य येते. सतत रडणे, व्यायाम टाळणे, अन्नावरची वासना उडणे यांकडे स्वभाव म्हणून पाहू नये. त्यावर उपचार आहेत.

७. रक्त पातळ ठेवणारी, रक्तदाबाची आणि कोलेस्टेरॉलची औषधे बरे वाटू लागले म्हणून बंद करू नयेत. दुसरा झटका बहुधा अशाच वाटेने येतो.

ब्यूरोतून आलेल्या मावशींनी पहिल्याच सकाळी दादांना उठविण्यासाठी उजवा हात धरला. वहिनी स्वयंपाकघरातून धावत आल्या. “हाताला नाही धरायचं, कमरेला आधार द्या,” असे म्हणून त्यांनी स्वतः करून दाखविले. मावशी कष्टाळू आणि मायाळू होत्या, परंतु त्यांना हे कोणी शिकविलेच नव्हते. सिस्टरांची विद्या वहिनींमार्फत मावशींपर्यंत पोहोचली.

येथे एक सावधगिरीची गोष्टही सांगितली पाहिजे. कुटुंबाला थोडे शिकवून सर्व पुनर्वसन त्याच्यावर सोपविता येईल काय, हा प्रश्न आपल्या देशातही तपासला गेला आहे. भारतातील १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांचा समावेश असलेला हा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. कुटुंबीयांकडून करवून घेतलेल्या पुनर्वसनामुळे सहा महिन्यांनंतरच्या परिणामात फरक पडला नाही, असे त्यात आढळले. याचा अर्थ कुटुंबाची सेवा व्यर्थ आहे, असा मुळीच नाही. मला त्याचा अर्थ असा वाटतो की माया ही प्रशिक्षित हातांची जागा घेऊ शकत नाही. तिने त्या हातांना साथ द्यावयाची असते. घरी आल्यानंतरही फिजिओथेरपिस्टच्या भेटी आणि तपासण्या चालू राहिल्या पाहिजेत, त्या यासाठीच.

आपण काय मागावे?

ब्रिटनमध्ये पक्षाघाताची विशेषज्ञ परिचारिका हे एक प्रस्थापित पद आहे. रुग्ण आपत्कालीन विभागात आला की तीच प्रथम धावते, आणि घरी गेल्यावरही अनेक ठिकाणी तिच्याशी संपर्क राहतो. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेचा मज्जाशास्त्र शुश्रूषेचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे आणि मोठ्या रुग्णालयांत अनुभवी परिचारिका हे काम करीत असतात. परंतु प्रत्येक रुग्णालयात असे स्वतंत्र पद नसते. म्हणून रुग्णाच्या नातेवाइकांनी नम्रपणे पण स्पष्टपणे काही प्रश्न विचारावेत. येथे पक्षाघाताचा स्वतंत्र विभाग आहे काय? गिळण्याची परीक्षा झाली काय, आणि कोणी केली? ताप व साखर किती वेळाने मोजली जाते? घरी सोडण्यापूर्वी आम्हाला कोण शिकविणार? घरी अडचण आली तर कोणाला फोन करावा? या प्रश्नांनी कोणाचा अवमान होत नाही. उलट चांगल्या परिचारिकेला ते ऐकून समाधानच वाटते.

आणि तेथे पोहोचण्यापूर्वीची जबाबदारी आपली आहे. चेहरा एका बाजूला ओघळणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, अचानक तोल जाणे किंवा दिसेनासे होणे, यांपैकी एकही चिन्ह दिसताच १०८ वर फोन करावा किंवा सी. टी. स्कॅन आणि मेंदूविकारतज्ज्ञ चोवीस तास उपलब्ध असलेल्या रुग्णालयात थेट जावे. असे रुग्णालय आपल्या घरापासून कोणते, हे आजच माहीत करून ठेवावे. वेसाव्याच्या खाडीपलीकडे मढला राहणाऱ्यांना तर हा विचार आधीच करून ठेवणे अगत्याचे आहे. होडी नसेल त्या वेळी मालाडमार्गे लांबचा वळसा पडतो. वाट पाहू नये, चोळत बसू नये. तोंडाने पाणी, चहा, साखर किंवा कोणतीही गोळी देऊ नये. ॲस्पिरिनही नाही, कारण आघात गुठळीने झाला की रक्तस्रावाने, हे स्कॅनखेरीज कळत नाही. रक्तदाब चढलेला दिसला तरी तो घरच्या घरी उतरवू नये. चालू असलेल्या औषधांची यादी बरोबर घ्यावी, आणि ज्याने रुग्णाला शेवटचे नीट पाहिले त्या व्यक्तीलाही बरोबर न्यावे.

या गोष्टीला आता आठ महिने झाले. दादा काठी घेऊन सातबंगल्यापर्यंत जाऊन येतात. उजवा पाय किंचित ओढतो. एखादा शब्द सापडत नाही, तेव्हा ते हाताने खूण करतात आणि वहिनी तो पुरवितात. चहा ते डाव्या हाताने घेतात, ताठ बसून, लहान लहान घोटांनी. पहाटे पाणी भरण्याचे काम आता वहिनींकडे आले आहे. परंतु पाचला नळ वाजला की दादाही जागे होतात आणि खोलीतून हाक देतात. ती हाक ऐकली की वहिनी प्रथम घड्याळाकडे पाहतात. त्या दिवसापासून त्यांना ती सवयच लागली आहे.

वाचकहो, ही सवय आपणही लावून घ्यावी. आपल्या घरातील ज्येष्ठ व्यक्तीशी सकाळी उठल्यावर दोन शब्द बोलावेत आणि रात्री झोपताना दोन शब्द बोलावेत. एरवी ती केवळ विचारपूस असेल. एखाद्या दिवशी मात्र कोणी सिस्टर तोच प्रश्न विचारील, तेव्हा आपल्याजवळ उत्तर असेल.